मिशीवाली सवत

४ जानेवारी
पुन्हा तेच! चहा गार, आणि हे टीव्हीसमोर. मुख्यमंत्र्यांचं कालचं भाषण, तिसऱ्यांदा. स्वतःचं असतं तर समजले असते — समोरच्याचं! म्हणे, "बघ, आता चष्मा काढेल. चष्मा काढला की थापा मारतो." त्याने चष्मा काढला. यांना कोण आनंद!

मी महिन्यापूर्वी चष्म्याची फ्रेम बदलली. लालभडक. यांना अजून पत्ता नाही.

९ जानेवारी
लोकांना माझी कीव येते. विरोधी पक्षनेत्याची बायको — बिचारीला ना मुख्यमंत्र्यांचा बंगला, ना तो थाट. बंगल्याशी मला काय करायचंय? बाकीच्या बायका सवतीच्या झिंज्या तरी उपटू शकतात. माझ्या सवतीला मिशी आहे, टक्कल आहे आणि ती राज्य चालवते!

त्याचं सगळं यांना पाठ. वांगं चालत नाही. उजवा गुडघा दुखतो. धाकट्या मुलाशी बोलणं नाही. कुणी खोटी स्तुती केली की कान खाजवतो. माझ्या वाढदिवसाची तारीख मात्र मीच चिठ्ठीवर लिहून यांच्या पाकिटात ठेवली आहे.

२१ जानेवारी
कबूल केलं एकदाचं! ही पाच वर्षं संपली की निवडणूक नाही, घरी बसणार. माझ्या गळ्याची शपथ घ्यायला लावली. (मुख्यमंत्र्याच्या गळ्याची घेतली असती तर माझा जास्त विश्वास बसला असता.) लेकीला फोन केला. ती म्हणाली, हे तू मागच्या खेपेलाही सांगितलं होतंस. आगाऊ कार्टी.

२ फेब्रुवारी
सवत दवाखान्यात. पोटाचं ऑपरेशन, आणि लक्षण काही बरं नाही म्हणतात. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिलं आलं ते हे — आता हे घरात राहतील. नंतर बरे विचारही आले. पण पहिला हा.

हे ताटावरून उठले. घास तसाच.

११ फेब्रुवारी
घरात कुठले राहतात! रोज संध्याकाळी दवाखाना. पक्षातले लोक कुजबुजतात, आतून काही बोलणी चालली आहेत म्हणून. कसली बोलणी — हे त्याला पेपर वाचून दाखवतात! त्याच्यावरचे अग्रलेखसुद्धा, आवाज चढवून. तो टाके दुखेपर्यंत हसतो म्हणे. लेक झाली तेव्हा हे सभात्याग करून विधानसभेच्या पायऱ्यांवर घोषणा देत बसले होते. माझा दवाखाना रस्त्याच्या पलीकडे होता.

आज मीही गेले. बाहेरच्या बाकावर त्याची बायको. बारीक, ताठ बसलेली. मी काहीबाही धीराचं बोलले. ती म्हणाली, "पंचवीस वर्षं आमच्या जेवणाच्या टेबलावर तुमचेच हे बसलेले असतात. खरं सांगू? मला तुमचा रागच होता."

मला हसू यायला हवं होतं. उलट आणखीच जळफळाट झाला. माझ्या दुःखातही वाटेकरी!

१९ फेब्रुवारी
गेला.

२४ फेब्रुवारी
शोकप्रस्ताव. मी वर गॅलरीत बसले होते. हे बोलायला उभे राहिले, हातात कागद नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे वळले. मग म्हणाले, "आता सकाळी उठून मी कुणासाठी तयार होऊ?"

सगळं सभागृह रडलं. मीही रडले, पण रागाने. मी मेले तर हे दोन वाक्यं बोलतील, त्यातलं एक जमलेल्यांचे आभार मानायला.

९ मार्च
त्याच्या जागेवर त्याची बायको उभी राहणार. आमचा पक्ष म्हणतो, सोडून द्या. नुकताच नवरा गेलेल्या बाईशी लढायला एकही पुरुष तयार नाही. हे मात्र हटूनच बसलेत. बिनविरोध सोडली तर तो वरून शिव्या घालेल म्हणतात.

मग माझ्याकडे पाहिलं. अगदी निरखून, कितीतरी वर्षांनी. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील.

"तू उभी राहशील?"

हातातलं पातेलं आपटलं मी. आणि शपथेचं काय? शांतपणे म्हणाले, "शपथ माझी होती. मी कुठे उभा राहतोय?" मुरलेला राजकारणी! साफ नाही म्हणून सांगितलं. बोलणं बंद.

१२ मार्च
टीव्हीवर तिला कुणीतरी विचारलं, विरोधी पक्षनेत्यांच्या पत्नी तुमच्यासमोर आल्या तर? थोडीशी हसली. म्हणे, "त्या घर फार छान सांभाळतात."

फार छान सांभाळतात!!

१३ मार्च
अर्ज भरला.

२ एप्रिल
आज तिची सभा पूर्ण पाहिली, मग पुन्हा लावली. तासभर बोलली, पाण्याचा घोट नाही. पेन्शनच्या मुद्द्यावर अडखळते — तिथे अभ्यास कच्चा आहे. टाळ्या पडल्या की खाली बघते. आणि डावा हात सारखा टेबलावर टेकवते. सवय, की पाय दुखतोय?

जेवताना हे मला काहीतरी सांगत होते. काय ते ऐकायचं राहूनच गेलं.