गरिमाच्या घासांची नोंद

लष्कर, ग्वाल्हेर
३ ऑगस्ट २०२४

ती. शालिनीताईस,
महिपतचा सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून लिहितो. माझी नात गरिमा बारा वर्षांची झाली, तरी घास अजून तिच्या छातीत अडकतो. परवा दह्याबरोबर पराठा खाल्ला आणि अर्धा तास पाणी पीत बसली. इंदरगंजचे डॉक्टर म्हणतात, अन्ननलिकेची ॲलर्जी. कशाची, ते कळलं नाही तर दूध, गहू, अंडी सगळंच बंद. मग पोरीने खायचं काय?

तुझ्या डॉक्टर नातीने, सीमंतिनीने, सांगितलेला ऑनलाइन फॉर्म दर शनिवारी मीच भरतो. देशभरातले असे रोगी घरबसल्या तिथे लिहितात म्हणे. गरिमा हसते. म्हणते, आजोबा एका बोटाने लिहितात, तोवर रविवार उजाडतो. पण पोरीचं नाव बाहेर फुटलं तर? जीव थाऱ्यावर नाही.

तुझी माया असू दे.
महिपत

पुणे
१४ ऑगस्ट २०२४

चि. महिपत यास अ. उ. आशीर्वाद.

गरिमाने तुझ्या फॉर्मच्या नोंदी सीमंतिनीला पाठवल्या, तिने कपाळाला हात लावला आहे. फॉर्ममध्ये तू दर शनिवारी ‘काही त्रास नाही’ भरतोस आणि त्याच दिवशी मला चार पानं रडगाणं! परक्याने विचारलं की सगळं कुशल सांगायचं, हे बाबांनी शिकवलं खरं. पण हा अभ्यास आहे. शेकडो घरांतलं खरं जमलं तरच डॉक्टरांना काही उमगणार. आणि नाव कुणाला दिसत नाही, नुसता नंबर असतो.

तुझी दोन वर्षांची पत्रं तिने तारखा लावून वाचली. घास अडकला त्या बहुतेक दिवशी ताटात दही, पनीर नाहीतर खीर होती. प्रती तुमच्या डॉक्टरांना पाठवल्या. ते म्हणतात, आधी फक्त दूध बंद करून पाहू. गाढवा, नोंदी दुरुस्त कर.

जिवाला जप.
ताई

लष्कर
३० नोव्हेंबर २०२४

ती. ताईस सा. न.

सगळ्या नोंदी खऱ्या केल्या. गरिमा शेजारी बसून तपासत होती. म्हणे, आजोबा, अब झूठ नहीं चलेगा. तीन महिने दुधाचा थेंब नाही. परवा दुर्बीण घालून पाहिलं, सूज उतरली आहे. गहू चालू राहणार.

आता काळजी वेगळीच. काल तिने आपल्या चार पोळ्या संपवल्या आणि माझ्या ताटातली पाचवीही नेली. फॉर्ममध्ये हे भरायला कुठे जागाच नाही. सीमंतिनीला विचारून कळव.

तुझा,
महिपत