चौथ्या नंबरचा कीबोर्ड

प्रिय उस्ताद,

सगळे तुला आता असंच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. घरात तुला ज्या नावाने हाक मारायचे ते तू जाताना बहुतेक सोबत नेलंस. मला तरी ते कुठे सापडत नाही. अक्षर ओळखून पत्र लगेच कचऱ्यात टाकू नकोस. हे रडगाणं नाही. रडून झालं, आणि सध्या मी इतकी खूश आहे की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. ऐकायला तुझ्याइतकं लायक माणूस दुसरं कोण?

तुझी मुलाखत पाहिली. एका पगाराएवढी किंमत मोजून घेतलेला कीबोर्ड खरंच चांगला असतो का, असं विचारल्यावर तू डोळे मिटून उत्तर दिलंस, की गुणवत्ता डोळ्यांना नाही, बोटांना कळते. आईची बोटं सांध्यांत दुखायची म्हणून तू पहिला कीबोर्ड स्वतःच्या हातांनी तयार केलास म्हणे. एकट्याने! बायकोची काही मदत व्हायची का, यावर हसून म्हणालास की ती चहा फार छान करायची. अरे, चहा? बाजारातला सगळ्यांत स्वस्त कीबोर्ड खोलून मी आईंच्या टेबलाशी मान मोडून बसले होते, तेव्हा तू पलंगावर लोळत वंगणाच्या वासाबद्दल कुरकुरत होतास. प्रत्येक बटणाखालचा खटका उघडायचा, आतल्या स्प्रिंगवर आणि दांडीवर ब्रशने पातळसा हात फिरवायचा, पुन्हा मिटायचा. वंगण जास्त झालं तर बटण चिखलात पाय रुतल्यासारखं चालतं, कमी पडलं तर खरखरतं. स्पेसबार खडखडायचा, तर त्याच्या तारेखाली आईंच्या औषधाच्या डब्यातली जखमेची पट्टी बारीक कापून लावली. आई भाषांतरं टाइप करायच्या. पहिलं पान झाल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. तो मऊ आवाज ऐकून तू उठून आलास. या आवाजात धंदा आहे हे मात्र तू ओळखलंस. तुझं नाक पहिल्यापासून तीक्ष्ण, मी कशाला नाही म्हणू!

पुढे मी ब्रश चालवला आणि तू जीभ. गिऱ्हाइकांना तू दिसायचास, मी मागच्या खोलीत. धंदा वर आला तशी मी तुला अडगळ वाटू लागले, आणि एक दिवस कळलं की दुकान, नाव, ओळखीपाळखी सगळं तुझ्याकडे आणि माझ्याकडे एक ब्रश. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तो मी घरातच पोसला होता. मी तुला शिव्या किती घातल्या त्याचा हिशेब नाही. सुरुवातीला तर भांडी घासतानाही घालायचे.

पण खोटं बोलणार नाही. महाग कीबोर्ड अगदीच वाईट नसतो. धातूचं जड अंग टेबलावरून सरकत नाही, बटणांवरची अक्षरं पुसली जात नाहीत, दिसतोही देखणा. बोटांखाली जे जाणवतं ते मात्र किमतीचं नसतं, कुणीतरी आत बसून केलेल्या कामाचं असतं. तुझा नवा कीबोर्ड मी आणवून उघडून पाहिला. खटके कारखान्यातून आले तसेच बसवलेले, स्पेसबारखाली पट्टी नाही. आणि डब्यावर झोकात लिहिलंय, हस्तनिर्मित. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा.

आता त्या प्रदर्शनाचं सांगते, ज्याची चित्रफीत तू जाहिरातीत मिरवतोस. पाच कीबोर्ड, सगळ्यांवर सारखी बटणं, बाकीचं अंग लाकडी चौकटीखाली झाकलेलं. डोळे बांधून कुठला चांगला ते सांगायचं. दुसऱ्या नंबरवर तू तोंड वाकडं केलंस, हा पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटल्यासारखा वाजतो म्हणालास. चौथ्यावर बोटं ठेवली आणि तुझा चेहरा खुलला. हा माझा, हजारांत ओळखेन, असं छातीवर हात मारून सांगितलंस, टाळ्या घेतल्यास आणि गेलास. उत्तरं संध्याकाळी उघडायची होती. पण प्रदर्शनाला सगळ्यांत जास्त पैसा तुझाच, म्हणून आयोजकांनी ती दाबून टाकली. तर ऐक. दुसरा तुझा होता. चौथा आईंचा, तोच बाजारातला स्वस्तातला. त्यांनीच तो माझ्या पिशवीत घातला होता. तू त्यांना वाढदिवसाला दिलेला जड कीबोर्ड त्या वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला लावतात, आणि त्या कामाला तो उत्तम आहे असं त्यांचं मत आहे.

येत्या रविवारी माझं दुकान उघडतंय, तुझ्या दुकानाच्या अगदी समोर. लोकांनी घरातला साधा कीबोर्ड आणायचा, मी तो हाताने सुधारून देणार. काचेमागे आईंचा कीबोर्ड ठेवलाय. शेजारच्या पडद्यावर दिवसभर तू दिसशील: डोळ्यांवर रुमाल, छातीवर हात, आणि मग, तू गेल्यावर, चौकट उचलून खालचा कीबोर्ड दाखवला जातो तो भागही, जो आयोजकांनी कापून टाकला होता. मूळ चित्रफीत त्यांच्याकडूनच मिळाली, त्यांच्यापैकी एकाला रात्री झोप लागत नव्हती म्हणे. इतकी झकास जाहिरात मला पैसे मोजूनही कुणी करून दिली नसती. उद्घाटनाची फीत आई कापणार आहेत. हे पत्र म्हणजे तुला त्याचं आमंत्रण. आणि आणखी एक. तुझं मनगट धरून तुझा हात एका कीबोर्डवरून दुसऱ्यावर ठेवणारी बाई चित्रफितीत पाठमोरी दिसते. ती मी होते, आयोजकांची त्या दिवसापुरती मदतनीस, तुझे डोळे बांधल्यावरच पुढे आलेली. तिसऱ्यानंतर मी थांबले होते, तुझा हात माझ्या हातात धरून, लोक चुळबुळ करू लागेपर्यंत थांबले होते. तू नुसतं माझं नाव घेतलं असतंस, तर चौथा वगळून तुला पाचव्यावर नेणार होते. तू म्हणालास, ताई, जरा लवकर करा.

तुझीच,
चौथ्या नंबरवाली