आठवड्याची पाटी

सोमवार, ४ मार्च
आलो बाई एकदाच्या एसलिंगनला! प्लोखिंगनला बहिणीच्या घरात इतकी वर्षं अंग चोरून काढली, आता स्वतःच्या दोन खोल्या. खिडकीतून नेकार नदी दिसते, मागे द्राक्षमळे. रोझल, माझी सहा वर्षांची लेक, जिन्यावरून इतक्यांदा वरखाली धावली की घरमालकीण हेबर्लेबाई खालून ओरडल्या, पोरगी आहे की बकरी? बाई फटकळ आहेत. आमचं जमेल.

शनिवार, ९ मार्च
हेबर्लेबाईंनी आमच्या दारावर झाडलोटीची लाकडी पाटी अडकवली. ज्याच्या दारावर पाटी, त्यानं आठवडाभर जिना झाडायचा, पुसायचा आणि शनिवारी पाटी पुढच्या दाराला द्यायची. आमच्याकडे हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. बाईंनी बजावलं, तुमचं झालं की पाटी थेट माझ्याकडे आणा, वर कोणी राहत नाही. मग दिवसभर वर पावलं कुणाची वाजतात? म्हणे उंदीर. बूट घालणारे उंदीर, वा!

शनिवार, १६ मार्च
आठवडाभर गुडघे टेकून पायऱ्या घासल्या आणि वरचं बिऱ्हाड मात्र आरामात लोळतंय! असं कुठे असतं का? पाटी उचलली आणि वरच्या दारावर अडकवली. बरी जिरली. दुपारी मसुराची आमटी आणि स्पेत्झलच्या जाड शेवया केल्या, रोझलनं दोनदा मागून खाल्ल्या.

मंगळवार, १९ मार्च
जिना लखलखतोय. झाडणारं कोणी दिसत नाही, झाडूचा आवाज तेवढा येतो. आज हेबर्लेबाईंची नजर वरच्या पाटीवर गेली आणि त्या मटकन पायरीवरच बसल्या. म्हणाल्या, काय करून बसलात हो! वरची बाई झाडता झाडता गेली, मेल्यावरही तिच्या हातातला झाडू सुटेना. तुम्ही तिला आठवडा दिलात, आता शनिवारी ती तो पुढे देणार. मी पाटी काढायला धावले. निघेना, दाराचाच भाग झाल्यासारखी. संध्याकाळी बाई ट्रंक घेऊन भावाकडे निघून गेल्या. खोटं कशाला लिहू, मीही ट्रंक बाहेर ओढली. पण पोरीला घेऊन पुन्हा बहिणीच्या दारात कोणत्या तोंडानं उभी राहू?

शनिवार, २३ मार्च
पाटी रोझलच्या गळ्यात.
सकाळी उठले तर पोर जिन्यावर, झाडू तिच्याहून उंच. हाक मारली तर म्हणते, आई, अजून स्वच्छ नाही झालं.

बुधवार, २७ मार्च
दोरी कापली. पाटी चुलीत घातली. पुन्हा गळ्यात आहेच. डॉक्टर म्हणाले, पोरीला कामाची हौस आहे, कौतुक करा. गाढव मेला! तिचे तळहात सोलवटलेत. खात नाही, झोपत नाही. माझ्या खुमखुमीपायी माझं लेकरू... देवा, तिला सोड, मला धर.

शनिवार, ३० मार्च
तिचा हात आपोआप उठला. पोर रडत होती, नको आई, तुला नको. मीच मान पुढे केली. पाटी माझ्या गळ्यात पडली आणि रोझल मांडीवर कोसळून झोपली. सुटली!
पण पुढच्या शनिवारी माझा हात उठेल. घरात तिच्याशिवाय आहे कोण? बहिणीला, हिल्डेला, बोलावून पोरीला तिच्याबरोबर प्लोखिंगनला पाठवलं. बजावलं, काही झालं तरी इकडे आणू नकोस. म्हणाली, वेड लागलंय तुला.

मंगळवार, २ एप्रिल
उजवा हात झाडू सोडत नाही. डाव्यानं लिहितेय. झाडलं की पुन्हा धूळ — पुन्हा — ती वरच्या दारात उभी राहून बघते. माझी चूक निघाली की मान हलवते.

शनिवार, ६ एप्रिल
हात जड झालाय. उठू दे मेल्याला. द्यायला इथे कोणी नाही. रोझल लांब आहे, सुखरूप आहे, आणखी काय हवं मला —
खाली दार वाजलं.
हिल्डेचा आवाज. म्हणतेय, आई आई करून जीव खाल्ला गं माझा, घे बाई तुझी लेक —
मी ओरडतेय, तोंडातून आवाज फुटत नाही —
धावत वर येतेय. हसतेय. माझं सोनं —
हात गुडघ्याखाली दाबलाय — सुटतोय — पाटी काढली त्यानं —
रोझल, मागे फिर, जवळ नको, मिठी नको मा