निळा कोट

झेंगेझा, चिटुंगविझा
१४ जून १९९९

ति. गरिकाईदादास,
नेत्साईचा सा. न. वि. वि.

तीन महिने पत्र नाही, माफ कर. शाळेच्या परीक्षा, जूनची थंडी, नळाला पाणी नाही, अशी कारणं मी तयार ठेवली होती. खरं कारण असं की लिहिलं तर ते खरं होईल, असं वाटत होतं.

आई पुन्हा कामाला जाऊ लागली आहे. ब्लँकेटचा कारखाना बंद होऊन तीन वर्षं झाली, हे तिला सांगून पाहिलं. ती मान हलवते, आणि पहाटे पाचला निळा कोट, डोक्याला फडकं, हातात रिकामा डबा घेऊन निघते. आपलं गाव तुला माहीत आहे. पाचला सगळं गाव हरारेच्या कोंबी गाड्यांच्या रांगेत, आठला इथे उरतात म्हातारे, तान्ही पोरं आणि आम्ही मास्तर लोक. जी सव्वीस वर्षं त्या रांगेत उभी राहिली, तिचे पाय तिकडेच वळणार.

तिला हरारेला नेणारा कंडक्टर लर्नमोर. याला मी सातवीत दोनदा नापास केलं होतं. आणि चूक माझीच आहे. शेजारच्या मयताला तो आईशी जरा उद्धट बोलला, म्हणून मी त्याला बजावलं की ही जन्माने शुंबा आहे, तुझ्याच कुळाची, नीट बोल. त्या दिवसापासून ती त्याची आत्या झाली. आता मी जाऊन सांगितलं की तिला गाडीत घेऊ नकोस, तर भर रांगेत म्हणाला, "आत्याला नाही म्हणायची आमच्यात रीत नाही. आणि तू कोण? आपल्यात आत्याची मुलगी बहीण नाही, भाची, आणि मामाचा मुलगाही मामाच. मामाने भाचीचं ऐकायचं का?" लोक हसले. चोवीस वर्षांचा मामा! मी परत आले.

तो तिला पुढच्या सीटवर बसवतो, भाडं घेत नाही, एक फेरी फिरवून नऊला कोपऱ्यावर सोडतो. याचा मला राग येतो की सुटल्यासारखं वाटतं, हे मी रोज स्वतःला विचारते. उत्तर रोज वेगळं येतं.

वहिनींना नमस्कार. लोभ असू दे, थोडा रागही चालेल.

तुझी,
नेत्साई

---

ह्वांगे
२६ जून १९९९

चि. नेत्साई हिस, अ. आ.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. तू पदवीधर, आणि आईला कोंबीवाल्याच्या हवाली करतेस? एखाद्या दिवशी त्याची गाडी पोलिसांनी अडवली, किंवा तो आजारी पडला, तर आई हरारेत कुठे उतरेल? कारखान्याच्या जागी आता काय आहे, ते तरी ठाऊक आहे का तुला?

फाटकाला कुलूप लाव. चार दिवस ओरडेल, मग विसरेल. ऑगस्टमध्ये रजा मिळाली तर तिला इकडे आणतो. खाणीने दिलेल्या दोन खोल्यांत आम्ही सहा जण आहोत, सातवं माणूस मावेल. तुझी वहिनी हो म्हणाली आहे, म्हणजे नाही म्हणाली नाही.

तुझ्या मामाला माझा नमस्कार सांग. नात्याने तो माझाही मामा लागतो, हे लक्षात आल्यावर एकटाच हसलो आणि मग वाईट वाटलं.

तब्येत सांभाळ. आशीर्वाद नेहमीसारखेच, अंतर फक्त जास्त.

गरिकाई

---

झेंगेझा
१८ जुलै १९९९

ति. दादास,
सा. न. वि. वि.

कुलूप लावलं. तू सांगितलंस म्हणून लावलं असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मलाही लावायचं होतं.

पहिले तीन दिवस आई पाच ते नऊ फाटकाचे गज धरून कोट घालून उभी होती. जाणारे-येणारे थांबून नमस्कार करत. ती प्रत्येकाला निरोप देई, मुकादमाला सांगा, घरातल्या बाईने मला कोंडलं आहे. सगळी गल्ली कामाला जाताना माझ्याकडे बघून जात होती. ऊब यावी म्हणून मी तिच्या खांद्यावर शाल टाकली, तिने ती घडी करून मला परत दिली. परक्याची वस्तू परत करतात, तशी.

चौथ्या दिवशी तिने माझा हात धरला आणि अगदी हळू, विनवून म्हणाली, "बाई, तुम्हालाही आई असेल ना. मला जाऊ द्या. माझी दोन पोरं शाळेत आहेत. मोठा गरिकाई, धाकटी नेत्साई. मी खाडा केला तर त्यांची शाळा सुटेल."

दादा, मी म्हटलं, त्या दोघांची शाळा झाली. ती म्हणाली, तुम्हाला कसं माहीत. मी कुलूप काढलं.

लर्नमोर कोपऱ्यावरच होता. चारही दिवस गाडी तिथे दोन मिनिटं थांबवत होता, असं मागून कळलं. या वेळी तो हसला नाही. म्हणाला, "गाडीत बसल्यावर आत्या डबा उघडते आणि मला आग्रह करते. मी रिकाम्या डब्यातून घास उचलतो, चावतो, पोट भरलं म्हणतो. मग ती डबा बंद करते."

हे दोन महिने चाललं होतं, आणि मी तो डबा रोज घासून पालथा घालत होते. आई काहीतरी खाऊन येते, असं मी धरून चालले होते. विचारलं नव्हतं.

आणखी एक. महिनाअखेरीस त्याचा मालक गाडी दुसऱ्या मार्गावर घालतो आहे. नंतर आई कुणाच्या गाडीत चढेल आणि तिथे शुंबा कोण असेल, मला माहीत नाही. तुझ्या ऑगस्टबद्दल मी विचारत नाही. तूही घाईने उत्तर देऊ नकोस. तिकडे तिला कोणती रांग दाखवशील?

आज रताळी आणून ठेवली आहेत. तुझी माया राहू दे, आमच्या दोघींवर.

नेत्साई

ता. क. उद्या : आईचा डबा भरायचा.