बिल्ला नंबर दोनशे चौदा

चिखला, ता. १९ जून १९७९

चि. चंद्रकांता हिला गोमाजीमामाचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद. आम्ही इकडं खुशाल. तुझी आई रुखमा तर इतकी खुशाल, की तू बी.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाल्याचं कळल्यापासून भाजीत मीठ दोनदा पडून राहिलं आणि कोणी तक्रार करत नाही.

तुझी चिठ्ठी घेऊन तुमचे मानसशास्त्राचे सर आले होते. गरिबाघरची स्कॉलरशिपवाली पोरं कॉलेजात टिकतात ती मनाच्या कोणत्या बळावर, हे त्यांना शोधायचं आहे. माणूस चांगला, पण प्रश्न बावन्न. माझं शिक्षण विचारलं. मी म्हटलं, चालू आहे (याचं मागाहून सांगतो). मग विचारलं, मुलगी कशानं टिकली? मी चुलीवरचा खिळा दाखवला.

त्यांना काही उमजेना, म्हणून तुझ्या कॉलेजच्या पहिल्या दिवाळीपासून सांगावं लागलं. तू पेटीसकट परत आली होतीस. "मामा, तिथच्या पोरी हासतात पण इंग्रजीत. मी नाही जात." मी खाणीच्या फाटकावर बिल्ले सांभाळण्यात उमर घातलेला माणूस. खाली उतरणारा आपला बिल्ला फळीवर टांगतो, वर आला की काढतो. एक जरी टांगलेला राहिला तर फाटकावरचा घरी जात नाही. म्हणून दोनशे चौदा नंबरचा जुना बिल्ला खिळ्याला लावला आणि म्हटलं, "तू उतरली आहेस बाई. आम्ही फाटकावर बसून आहो." नाक पुसत पेटी उचललीस. तीन वर्षं येणाराजाणारा आधी तिकडं पाहायचा. चुना मारायला आलेल्या शेजारच्या डोमानं बिल्ला काढून ठेवला, तर रुखमानं त्याचा चहा अडवला. "पोरगी पेपरात बसून हाय, अन् तू तिले बाहेर काढून राहिला?" बिचाऱ्यानं तेवढी जागा सोडून चुना मारला. तो काळा गोल सरांनी चष्मा काढून पाहिला. फॉर्मात खिळ्याचा रकाना नव्हता, तर 'इतर'मध्ये लिहून घेतलं.

काल कॉलनीवाले बाजा घेऊन बिल्ला काढायला आले. चहा पाजून परत पाठवले. तो तूच येऊन काढायचा.

तुझा मामा,
गोमाजी

ता.क. सरांना खोटं नाही सांगितलं. मॅट्रिकला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरून ठेवला आहे. द्यायला तुमसरच्या शाळेच्या फाटकापर्यंत दोनदा गेलो, समोर चहा पिऊन परत आलो. रुखमाला सांगितलं, शाळा बंद होती.

आणखी ता.क. बत्तीस वर्षं दुसऱ्यांचे बिल्ले सांभाळले, स्वतःचा कधी टांगला नाही. या पत्राच्या पाकिटात एक आहे, सत्त्याऐंशी नंबरचा. पुढं शिकायला राहशील त्या होस्टेलच्या खोलीत खिळा असेलच. टांगलास की कार्ड टाक. कार्ड आलं की मी उतरतो.