पट्टी पिवळीच राहायला हवी

३ मार्च

पुन्हा हिरवट! धडधाकट माणसाच्या श्वासात पट्टी पिवळी राहायला हवी. किडनीच्या पेशंटच्या श्वासात अमोनिया जास्त असतो, तिथेच हिरवी व्हायला हवी. एवढंच तर काम! मातीचे अगदी पातळ थर, दोन थरांमध्ये रंग कोंबलेला, वायू आत शिरला की रंग बदलतो. सांगायला किती सोपं!

सर सगळ्यांसमोर म्हणाले, "आजारी कोण, चांगला कोण, हेच हिला कळत नाही. दवाखान्याला काय द्यायचं मग? रंगीत कागद?" सगळे हसले. हसा लेको!

५ मार्च

रंग थरांतून पाझरत असेल म्हणून चाळीस वेळा बुडवून, चाळीस वेळा वाळवून नव्या पट्ट्या केल्या. बोटं पिवळीधमक. निकाल तोच. माती फेकून द्यावीशी वाटली.

८ मार्च

सकाळी ताईवर ओरडले. रोज ती अनशापोटी पिशवीत फुंकते, मी पिशवी लॅबमध्ये नेते आणि त्या श्वासावर शून्य लावते — म्हणजे तिच्यापेक्षा रंग जितका पुढे, तितका माणूस आजारी. माझा श्वास चालत नाही, मी दिवसभर अमोनियाच्या बाटल्यांत. ताईने मात्र जन्मात कधी डोकेदुखीची गोळी घेतली नाही.

आज पिशवी अर्धीच. "नीट फुंक ना गं!"

"अगं, दम लागतो हल्ली."

"फुंकायला कसला आलाय दम?"

तिने गुपचूप परत फुंकलं. मी थँक्यूही म्हटलं नाही. उशीर झाला होता.

१२ मार्च

शुक्रवारपर्यंत फरक दिसला नाही तर प्रकल्प बंद, म्हणाले सर. आठ महिने पाण्यात! मी कुणाचं काय घोडं मारलंय?

१४ मार्च

शुक्रवार. ताई वेळेवर उठलीच नाही! नेमकी आजच! पिशवीविना तणतणत निघाले. शेवटी काचेच्या नळ्या बनवणाऱ्या काकांना पकडलं. "जन्मभर काच फुगवली," काका म्हणाले, "पिशवी काय चीज आहे!"

पट्टी पिवळी. पिवळीच!! काकांवर शून्य लावून दवाखान्यातल्या किडनीच्या पेशंटचे अकरा नमुने तपासले. अकराच्या अकरा वेगळे, स्वच्छ हिरवे! म्हणजे पट्टी ठीक होती, शून्यच चुकलं होतं. ताई काय खाते, दात घासते की नाही, देव जाणे. माझे आठ महिने खाल्ले हिने! घरी गेले की चांगली हजेरी घेणार आहे.

१४ मार्च, लॅबमधूनच

सरांना आकडे दाखवले. वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी ताईच्या जुन्या पट्ट्या काढायला लावल्या, पेशंटच्या पट्ट्यांशेजारी मांडल्या. रंगात फरक शोधावा लागत होता.

"बहिणीला उद्याच दवाखान्यात न्या."

"पण सर, ती निरोगी आहे," मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

१७ मार्च

दोन्ही किडन्या. डॉक्टरीणबाई बराच वेळ समजावत होत्या. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं — "म्हणजे हिची पट्टी बरोबर होती ना?"