ग्राइंडरच्या चाकाचे तुकडे

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सकाळी सातला शेड उघडली. लेथवर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या चार पिना केल्या. पाचवीला टूल बोथट झालं, पिन खरबरीत निघायला लागली. टूलला धार लावायची तर ग्राइंडर पाहिजे. ग्राइंडर उभा आहे, त्याला चाक नाही. काम तिथेच थांबलं.

हे गेले त्याला आज तेहतीस दिवस.

दुपारी हेमराज आला. ह्यांचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. दारातच उभा राहिला. "वैनी, टूल द्या मले. घरून धार लावून आणतो." दिलं. तो वळल्यावर वाटलं, द्यायला नको होतं.

५ नोव्हेंबर

धाकटे दीर गोविंदा यांचा जिवतीवरून फोन. "वैनी, त्या दिवसाचं सारं लिहून ठेव. ठाण्यात विचारतीन तं सांगता आलं पाहिजे."

म्हणून लिहिते. दसऱ्याला शेडमधल्या चारही मशिनींची पूजा केली. लेथ, ड्रिल, हॅक्सॉ, ग्राइंडर. झेंडूचे हार, कुंकू, नारळ. पूजा झाली की एकेक मशीन सुरू करायची, जरा फिरू द्यायची आणि बंद करायची, अशी ह्यांची पद्धत. सासऱ्यांचीही हीच होती. त्या दिवशी घरातलं कोणी मशिनीवर काम करत नाही, फक्त तिला जागं करायचं. लेथ झाली. ड्रिल झाली. हॅक्सॉ झाला. ग्राइंडरचं बटण दाबलं तर सगळा स्टँड थरथरायला लागला. हे बंद करायला पुढे वाकले. मी दारात, हातात खोबऱ्याचं ताट. चाक फुटलं. मशीन जुनी, चाकावरचं लोखंडी झाकण आमच्याकडे आलंच नव्हतं. ह्यांच्या गळ्याला लागलं.

चाक हेमराजने आणलेलं. पोळ्याच्या सुमारास, भंगारवाल्याकडून, एक नाही दोन. ह्यांना म्हणाला, "अमर, कोरं हाये बे, वरचा कागद बी निघाला नाई." हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

कोरं चाक सहा आठवड्यांत फुटतं का?

६ नोव्हेंबर

आणखी एक आठवलं. आम्ही सगळे दवाखान्यात होतो तेव्हा शेडमधले चाकाचे तुकडे हेमराजने गोळा करून नेले. जमीनही पुसली. संध्याकाळी आम्ही परत आलो तेव्हा शेड स्वच्छ. तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटत नाही. एवढी घाई कशाची होती?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हेमराजने टूल आणून दिलं. धार चांगली लागली आहे. मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं, तुमच्या ग्राइंडरला चाक कुठलं? म्हणाला, "दुकानातलं. चंद्रपूरहून आणलं."

स्वतःला दुकानातलं. आम्हाला भंगारातलं.

दुसरं चाक अजून आमच्या फळीवर आहे. त्याच्याकडे पाठ करून काम करते.

९ नोव्हेंबर

आज त्याला सरळ विचारलं, तुकडे कुठे आहेत?

"फेकले, वैनी."

कुठे?

"वर्धा नदीच्या पुलावरून." हे बोलताना तो लेथकडे पाहत होता. माझ्याकडे नाही. मग स्वतःच म्हणाला, "लेथ बंद नका ठेवू. बसून राह्यली का खराब होते. तुमच्यानं नाई झालं तं मी येऊन चालवत जाईन संध्याकाळी."

म्हणजे त्याला आमची लेथ पाहिजे.

१० नोव्हेंबर

शेडचं कुलूप बदललं. जुन्याची एक किल्ली त्याच्याकडे असते.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भाजी घ्यायला गेले होते. हेमराजची बायको रुपाली भेटली. इकडचं तिकडचं बोलली, मग आवाज खाली करून म्हणाली, "वैनी, ते पोतं घेऊन जा ना एकडाव. आमच्या पलंगाखाली ठेवून हाये. यायले सांगतलं फेका, तं अंगावर येते. मी झाडू कसा मारू खाली?"

कसलं पोतं?

"चाकाच्या तुकड्याचं. अजून कायचं?"

वांगी न घेताच घरी आले. पुलावरून फेकले म्हणाला होता.

१३ नोव्हेंबर

गोविंदा भाऊजींना पोत्याचं सांगितलं. ते म्हणाले, "आता समजलं ना? चाक चिरलेलं होतं. त्याले मालूम होतं. त्याले सोडाचं नाई." कापूस वेचणी आटोपली की २४ तारखेला, सोमवारी येतील. ठाण्यात रिपोर्ट देऊ.

शेजारच्या प्रेमिलाबाईलाही बोलून गेले. बोलायला नको होतं. माझ्या तोंडून सहसा काही निघत नाही, आणि आज निघालं ते हेच.

१५ नोव्हेंबर

प्रेमिलाबाईला सांगितलेलं सगळ्या गल्लीला माहीत झालं आहे. चक्कीवाला मला म्हणाला, "दोस्त म्हणून घरात घेतलं अन् काय करून गेला पाहा." आमच्या गल्लीतून हेमराज सायकलवरून गेला तर चहाच्या टपरीवरचे बोलायचे थांबले. तो खाली पाहत गेला.

खाली पाहणारा माणूस काय लपवतो?

१६ नोव्हेंबर, रविवार

हेमराजच्या घरी गेले. रुपालीने मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावून आत गेली. हेमराज ओट्यावर बसला होता. मी म्हटलं, पोतं द्या.

त्याने नाही म्हटलं नाही. आत जाऊन आणलं. मला वाटलं पोतं हातात देईल. त्याने खाली पेपर पसरला आणि एकेक तुकडा काढून लावायला लागला. सात तुकडे. प्रत्येकावर खडूने आकडा. बघता बघता पेपरवर पूर्ण गोल चाक तयार झालं, मधलं भोकसुद्धा. रोज लावत असल्याशिवाय हात इतका भरभर चालणार नाही.

"कुठून फुटलं ते पाहून राह्यलो, वैनी. दीड महिना झाला. मले काई दिसत नाई."

मग खोटं का बोललात?

"तुमाले दाखवाचे नव्हते. चार नंबरवर डाग हाये."

चार नंबर मी पाहिला नाही. सगळे पोत्यात भरून घेतले. तो सायकलवर बांधून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. पोतं डोक्यावर घेऊन चालत आले.

निघताना त्यांच्या दारापर्यंत मागे येऊन रुपाली म्हणाली होती, "केस झाली तं यायचा खाणीतला गेटपास जाईन. कंत्राटाचं काम हाये, वैनी. पुन्हा कोणी घेत नाई." मी वळले नाही.

१७ नोव्हेंबर

पोतं शेडमध्ये ठेवलं आहे. हेमराज तुकडे लावताना जे करत होता ते खरं की मला दाखवायला? चोर पुरावा ठेवत नाही. पण हा चोर नाही, जाणकार आहे. चीर कुठे होती ते त्यालाच कळणार. कदाचित तेवढाच तुकडा त्याने काढून टाकला असेल.

पण गोल तर पूर्ण झाला होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

ऑटो करून इतवारी भाऊंकडे गेले. तुकडे घेऊन, आणि फळीवरचं दुसरं चाकही. इतवारी भाऊ जुने टर्नर. वय पंच्याहत्तर. ह्यांना आणि हेमराजला दोघांनाही लेथ त्यांनीच शिकवली.

मला पाहून म्हणाले, "आयकलं, तू पिना करून राह्यली. अमरपेक्षा बऱ्या करत असशीन. तो लय घाईचा. मापाच्या आधी चहा मांगे."

मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले असेन.

मग त्यांनी तुकडे उन्हात नेले. जाड भिंग डोळ्याला लावून एकेक फुटलेली कड पाहिली. चार नंबरसुद्धा, बराच वेळ. मला म्हणाले, "हे पाह्य. जुनी चीर असती तं त्यात तेल शिरलं असतं, धूळ शिरली असती. कड काळी दिसली असती. हे सारं आतून स्वच्छ हाये. सात बी कडा. हे चाक त्या दिवशीच फुटलं, पोरी. पयले चिरलेलं नव्हतं."

मी म्हटलं, हेमराजला वाचवता का?

भाऊंना राग आला नाही. दुसरं चाक घेतलं, भोकातून बोट घालून अधांतरी धरलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हळूच ठोकलं. काशाच्या ताटलीसारखं वाजलं. "चिरलेलं चाक असं नाई वाजत. थप् म्हणते. दोन्ही संगच आणली ना? हेमराजनं बी अशीच वाजवून घेतली असतीन. मीच शिकवलं त्याले."

मग हे फुटलं कशाने?

भाऊ भिंग पुसत बसले. मग विचारलं, "पानी लागलं होतं का याले? चाक पानी पेते. भिजलं चाक उभं राह्यलं का सारं पानी खालच्या अंगाले उतरते. एकीकडून जड. मंग सुरू केलं का उसळते, थरथरते. दुकानातलं कोरं चाक असलं तरी फुटते."

मी नाही म्हटलं.

"मंग मले बी समजत नाई, बाई."

२० नोव्हेंबर

शेड उघडली नाही.

२१ नोव्हेंबर

गोविंदा भाऊजींचा फोन. रिपोर्टचा कागद शिकलेल्या माणसाकडून लिहून घेतला म्हणाले. वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे, हेमराजने चाक खराब आहे हे माहीत असून दिलं. "बरोबर हाये ना, वैनी? तुई सही लागते." मी म्हटलं, या तुम्ही, मग पाहू.

२२ नोव्हेंबर, शनिवार

रुपाली आली. दारातच उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"हे जेवते, ड्युटीवर जाते. पण बोलत नाई कोणाशी. काल रिकामा पेपर पसरून बसले होते. त्याच्यावर काईच नव्हतं." मग म्हणाली, "सोमवारी आम्ही बी ठाण्यात येऊ का? का तुम्ही पोलीस पाठवसान? तसं सांगा, म्हणजे पोरांना मी मायकडे पोचवून देतो."

ती गेली.

२३ नोव्हेंबर, रविवार

दसऱ्याच्या सकाळी ग्राइंडर मी धुतला. हे म्हणाले होते, फडक्याने पूस. चाकावर तेलकट काळं बसलं होतं, त्याच्यावर कुंकू उमटलं नसतं. मी नळी लावली. साबणाची पूड टाकून ब्रशने घासलं आणि पुन्हा नळी धरली. पाणी ओतलं की चाक लगेच कोरडं दिसायचं, म्हणून आणखी ओतलं. ह्यांना सांगितलं नाही. ते हार आणायला गेले होते.

गोविंदा भाऊजींना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "कोणाले सांगू नको."

हेमराजच्या घरी जाऊन सांगितलं. ओट्याखाली उभी राहूनच. त्याने सगळं ऐकलं. रुपाली आत भांडी घासत होती, ती थांबली.

घरी आले. वालाच्या शेंगा आणलेल्या होत्या, त्या सोलत बसले.